विरघळणारे टाके, न विरघळणारे टाके: कुठे कोणता आणि का

धागाकर्ता: तालुक्याचा सर्जन
विभाग: आरोग्य

ऑपरेशन ठरलं की नातेवाइकांकडून दोन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात. "टाके विरघळणारेच घाला हं, डॉक्टर" आणि "दोरा भारीतला वापरा, पैशाचं बघू नका". काळजी कळते, पण ओपीडीच्या गर्दीत याचं उत्तर नीट देता येत नाही, म्हणून इथे लिहितोय. मी जनरल सर्जन. अपेंडिक्स, हर्निया, आतडी, अपघाताच्या जखमा हे रोजचं काम. डोळा, हृदय, प्लास्टिक सर्जरीवाल्यांनी आपापली भर घालावी.

हिशेब तसा सरळ आहे. शिवलेल्या प्रत्येक थराला स्वतःची ताकद यायला वेगवेगळा वेळ लागतो आणि तोवर तो थर धरून ठेवणं एवढंच दोऱ्याचं काम. चेहऱ्याची कातडी पाचेक दिवसांत टाके काढण्याइतकी जुळते. आतड्याला दोन-तीन आठवड्यांचा आधार पुरतो. पोटाच्या स्नायूंवर पांढरं चिवट आवरण असतं, त्याला आम्ही शीथ म्हणतो. त्याला मात्र महिने लागतात. पोट मिटवल्यावर सगळा भार याच थरावर येतो. खालची चरबी टाका धरत नाही, वरची कातडी फक्त दिसते.

आता 'विरघळणारा' म्हणजे काय, तर इथे दोन वेगळ्या तारखा असतात आणि लोक (कधीकधी शिकाऊ डॉक्टरही) त्यांची गल्लत करतात. दोऱ्याची ताकद कधी जाते ही एक तारीख, आणि दोरा शरीरातून नाहीसा कधी होतो ही दुसरी. व्हिक्रिल घ्या, तो जांभळा विणलेला दोरा. दोन आठवड्यांनी त्यात साधारण पाऊण ताकद उरते, तीन आठवड्यांनी निम्मी, पाचव्या आठवड्यापर्यंत जवळजवळ काहीच नाही. पण दोरा पूर्ण जायला ५६ ते ७० दिवस लागतात. म्हणजे शेवटचा महिनाभर तो आत नुसता पाहुणा असतो. पीडीएस हा एकेरी दोरा चौथ्या आठवड्यातही निम्म्याच्या आसपास ताकद राखून असतो आणि जायला सहा महिने किंवा जास्त घेतो. उलट मोनोक्रिल आठवड्याभरात निम्म्यावर येतो. तिघेही विरघळणारेच! पोटाची शीथ मोनोक्रिलने शिवली तर हर्नियाला आमंत्रण, आणि कातडीच्या आतल्या शिवणीला पीडीएस घातला तर महिनोन्महिने टोचत राहणार.

न विरघळणाऱ्यांत नायलॉन, प्रोलीन, पॉलिएस्टर, छातीच्या हाडासाठी स्टीलची तार. रेशीमही पुस्तकात याच रांगेत बसतं, पण वर्ष-दोन वर्षांत त्याचीही ताकद सरते. रक्तवाहिनी जोडायला प्रोलीन, कारण तिथला सांधा जन्मभर टिकायला हवा. मूत्राशय आणि पित्तनलिकेत नेमकं उलटं: तिथे कायमचा दोरा राहिला तर त्याच्याभोवती खडा धरतो, म्हणून विरघळणाराच.

दुसरी निवड एकेरी की विणलेला. विणलेला दोरा मऊ, हाताला गोड, तीन-चार वेढ्यांत गाठ पक्की. पण त्याच्या पेडांमधून द्रव झिरपत जातो आणि जंतूंना लपायला जागा मिळते. एकेरी दोरा गुळगुळीत, घाणेरड्या जखमेत बरा, पण हट्टी. प्रोलीन पाकिटातून काढला की घडीच्या वळणातच राहायला बघतो. हलक्या हाताने ताणून सरळ करावा लागतो आणि गाठीला पाच-सहा वेढे द्यावे लागतात, नाहीतर सुटते. गाठ मारताना तो सुईधारकाने चिमटला तर तिथेच कमजोर होतो. भारीतला दोरा एका चिमट्यात मातीमोल.

जाडीचे आकडे उलटे चालतात. १ नंबर जाड, मग ०, मग २-०, ३-० असे बारीक होत जातात. ३-० म्हणजे मिलिमीटरचा पाचवा हिस्सा, डोळ्यासाठीचा १०-० त्याच्या दहापट बारीक.

आता माझा मुद्दा. दोऱ्याच्या कंपनीपेक्षा टाका किती अंतरावर, किती मोठा आणि किती आवळून घातला याने जास्त फरक पडतो. १९७६ साली जेन्किन्स नावाच्या इंग्रज सर्जनने साधं गणित मांडलं. ऑपरेशननंतर पोट फुगलं की जखमेची लांबी तीस टक्क्यांपर्यंत वाढू शकते, त्यामुळे लागलेला दोरा चिरेच्या किमान चौपट असायला हवा. नाहीतर दोरा तुटत नाही, तो शीथ कापत बाहेर येतो. परवा पोट मिटवल्यावर मोजलं. चीर २० सेंमी. ९० सेंमीचे दोन दोरे, दोन टोकांकडून निघून मध्ये भेटवलेले. उरलेले तुकडे पट्टीवर धरले तर ८५ सेंमी. म्हणजे लागला ९५, पावणेपाच पट. ठीक.

नेदरलँड्समध्ये ५६० रुग्णांवर याची नीट चाचणी झाली, २०१५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. अर्ध्यांना जुन्या पद्धतीने एकेक सेंमीवर मोठे टाके, अर्ध्यांना कडेपासून ५ मिमी आत आणि ५ मिमी अंतरावर बारीक दोऱ्याने छोटे टाके. वर्षभरात जखमेतून हर्निया झाला मोठे टाके असलेल्यांपैकी २१ टक्क्यांना, छोटे असलेल्यांपैकी १३ टक्क्यांना. दोन्हीकडे दोरा एकाच जातीचा, पीडीएस; छोट्या टाक्यांना उलट बारीक नंबर. वेळ पाचेक मिनिटं जास्त जातो, बस. ही चाचणी ठरवून केलेल्या ऑपरेशनांची होती. पू झालेल्या, टम्म फुगलेल्या पोटाला ती जशीच्या तशी लावू नये.

प्रश्न विचारा, सवडीने उत्तरं देतो.

सोनटक्का:
छान लेख डॉक्टर, वाचनखूण साठवली. माझ्या सिझेरियनचे टाके आठव्या दिवशी काढले, धाकट्या जावेचे काढावेच लागले नाहीत. सासूबाईंचं मत, तिच्या डॉक्टरने जास्त पैसे घेतले म्हणून. खरं का? आणि आत गर्भाशयाला कोणता दोरा असतो?

तालुक्याचा सर्जन:
सासूबाईंना सांगा, काढायचे टाके म्हणजे हलके टाके नव्हेत. जावेला कातडीच्या आतून सरकती शिवण घातली असणार, मोनोक्रिल वगैरे. दिसायला छान आणि काढायची दगदग नाही. तुमचे बाहेरचे नायलॉनचे असतील. त्याचा फायदा असा की जखमेत कुठे पाणी-पू साठलं तर तेवढाच एक टाका काढून वाट करून देता येते. सरकती शिवण अशी अर्धी उघडणं जिकिरीचं.

गर्भाशयाचं म्हणाल तर कोरोनिस नावाची मोठी चाचणी भारतासह सात देशांत झाली, जवळजवळ १६ हजार बायका. त्यातली एक तुलना क्रोमिक कॅटगट (जनावराच्या आतड्यापासून केलेला जुन्या पद्धतीचा विरघळणारा दोरा) आणि व्हिक्रिलच्या जातीचा दोरा अशी होती. फारसा फरक निघाला नाही. गर्भाशय झपाट्याने आकसतं आणि भरतंही लवकर, त्याला लांब पल्ल्याचा दोरा लागतच नाही. नॉर्मल डिलिव्हरीच्या खालच्या टाक्यांना मात्र कॅटगटपेक्षा कृत्रिम दोऱ्याने दुखणं कमी राहतं, असं बऱ्याच चाचण्यांतून दिसलंय. तिथे थोडे जास्त पैसे जरूर मोजावेत.

संहिताप्रेमी:
उत्तम धागा. थोडी भर. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात पंचविसावा अध्याय आठ शस्त्रकर्मांचा आहे, त्यात 'सीव्य' म्हणजे शिवणं. शिवणीचे चार प्रकार दिलेत: वेल्लितक, गोफणिका, तुन्नसेवनी, ऋजुग्रंथी. दोऱ्यासाठी बारीक सूत, ताग, जवसाचं सूत, स्नायू, केस, गुळवेल, आणि अश्मंतकाची साल. अश्मंतक म्हणजे आपला दसऱ्याचा आपटा! सुयाही तीन: कमी मांसाच्या जागी आणि सांध्यांवर दोन अंगुळं लांब गोल, मांसल जागी तीन अंगुळं त्रिधारी, पोट आणि मर्मावर धनुष्यासारखी वाकडी.

मंगलोरी कौल:
आता मुंग्या येणार बघा. (पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.) आपल्या पूर्वजांनी सगळंच आधी शोधलं होतं, तर मग व्हिक्रिलची आयात कशाला?

संहिताप्रेमी:
कौल, मुंग्या आहेतच, चिकित्सास्थानात उदररोगांच्या अध्यायात. आतड्याच्या छिद्रावर काळ्या मुंग्या चावायला लावायच्या आणि धडं तोडून डोकी तशीच ठेवायची. मी कुठेही 'सगळं आधीच होतं' म्हटलेलं नाही. जे लिहिलंय ते सांगितलं.

तालुक्याचा सर्जन:
दोघेही शांत. आयातीचं म्हणाल कौल, तर दोरे आता आपल्याकडेही बनतात आणि बाहेर जातात. संहिताप्रेमी, त्या पंचविसाव्या अध्यायातली जी ओळ मला सर्वांत आवडते ती तुम्ही सोडलीत: सुई कडेपासून फार लांब घालू नये आणि फार जवळही नाही. लांब घातली तर जखमेच्या ओठांना वेदना, जवळ घातली तर टाका मांस कापून निघतो. ही दुसरी तक्रार म्हणजे जेन्किन्सने मोजलेलीच गोष्ट. आणि सुयांचं ते वर्गीकरण आजही ओळखू येतं. आतड्याला, शीथला गोल अंगाची सुई, कातडीला धारेची. आतड्याला धारेची घातली तर प्रत्येक टाक्याला एक चीर पडेल.

मुंग्यांना हसायचं कारण नाही, ती पहिली स्टेपलर म्हणा हवं तर. पण म्हणून आपट्याच्या सालीने कोणी टाके घालू नका. निर्जंतुक करणं नावाची गोष्ट मधल्या काळात आली. लिस्टर या ब्रिटिश सर्जनने १८६० च्या दशकात कार्बॉलिक आम्लात भिजवलेली कॅटगट वापरली, तेव्हा कुठे दोरा आत ठेवून जखम बंद करायची हिंमत आली.

ओटी सिस्टर:
सर नमस्कार. मी निवृत्त ओटी (ऑपरेशन थिएटर) इन्चार्ज. आमच्या सुरुवातीच्या काळात लिनन आणि रेशमाची रिळं असायची, हव्या त्या लांबीचे तुकडे कापून ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) करायचे. सुया दोरा ओवायच्या भोकाच्या, धुऊन परत वापरायच्या. धार गेली की सर्जन ओरडायचे आमच्यावर. दोरा ओवलेला दुहेरी होतो, त्यामुळे भोक दोऱ्यापेक्षा मोठं पडायचं. सुईला दोरा जोडूनच यायला लागला तेव्हा निम्मी भांडणं मिटली.

कॅटगटचं पाकीट फोडलं की आतलं औषधी पाणी अंगावर उडायचं, वास दिवसभर हाताला. आणि नवीन मुली तो दोरा सलाईनमध्ये टाकून ठेवायच्या, मग फुगून मऊ पडायचा. तो फक्त ओला करून सरळ करायचा असतो. लेखात सुया मोजण्याचं लिहायला हवं होतं सर. पोट मिटवण्याआधी सुई मोजली नाही तर दोरा कुठला का असेना.

तालुक्याचा सर्जन:
सिस्टर, दंडवत. मोजणी जुळत नाही तोवर शेवटची गाठ नाही, हे मी तुमच्यासारख्याच एका सिस्टरकडून शिकलो.

गुरांचा डॉक्टर:
आमच्याकडे कॅटगट अजून भरपूर चालते. गाईचं सिझेरियन उभ्या गाईवर, डाव्या कुशीतून, जागा बधिर करून. गर्भाशयाला जाड कॅटगट, कातडीला जाड नायलॉन. म्हशीच्या कातडीतून सुई घालताना हात भरून येतो, धारेची सुईसुद्धा वाकते. टाके दोन-तीन आठवड्यांनी काढायचे, तोवर ती खांबाला अंग घासणार नाही याची जबाबदारी मालकाची. एक शंका: माणसांत कॅटगट बंद झाली म्हणतात ते का?

तालुक्याचा सर्जन:
कॅटगट मेंढीच्या किंवा गाईच्या आतड्यापासून करतात. मॅड काऊ या गुरांच्या रोगाच्या भीतीने २००१ च्या सुमारास युरोपात माणसांसाठी तिचा वापर थांबला, जपाननेही थांबवला. आपल्याकडे अजून मिळते. मला तिची अडचण वेगळीच वाटते: ती शरीरातल्या पाचक रसांनी झिजते, त्यामुळे पू झाला की चार दिवसांतच हात टेकते. कृत्रिम दोरे पाण्याने हळूहळू तुटतात, त्यांची तारीख बऱ्यापैकी सांगता येते.

निळावंती:
माझ्या वडिलांचं पित्ताशयाचं ऑपरेशन एका खाजगी रुग्णालयात झालं (नाव घेत नाही). सहाव्या दिवशी टाके पिकले, दोन महिने ड्रेसिंग. आम्हाला खात्री आहे की दोरा स्वस्तातला लावून बिल महागाचं लावलं. असं ओळखता येतं का?

तालुक्याचा सर्जन:
निळावंती, दोन महिने ड्रेसिंग म्हणजे घरातल्या सगळ्यांचेच हाल. बिलाची शंका असेल तर पाकिटांचे स्टिकर आणि ऑपरेशन नोट मागा, तो तुमचा हक्क आहे. पण टाके पिकण्याचं खापर एकट्या दोऱ्यावर फोडता येणार नाही. साखर वाढलेली असणं, तंबाखू, आतला पित्त-पूचा संसर्ग, जास्त चरबी, फार आवळलेले टाके, ही मोठी कारणं. टाका गोणीच्या तोंडासारखा करकचून आवळला की कडांचा रक्तपुरवठा तुटतो आणि तिथेच सडायला लागतं. कडा फक्त एकमेकींना टेकायला हव्यात.

दोऱ्याचा वाटा अगदी नाही असं नाही. ट्रायक्लोसान नावाच्या जंतुनाशकाचा लेप दिलेले दोरे मिळतात आणि २०१६ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत ते वापरण्याची शिफारस आहे, पण 'सुचवतो' अशा सौम्य शब्दांत. मी आतड्याच्या केसला वापरतो, अंगावरची साधी गाठ काढायची असेल तेव्हा नाही.

आणि हे सर्वांसाठी: पोटाच्या ऑपरेशननंतर पाचव्या ते आठव्या दिवसाच्या सुमारास पट्टी अचानक गुलाबी पाण्याने भिजली, तर आतली शीथ सुटत असण्याची शक्यता असते. वरची कातडी छान दिसत असली तरी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

परदेशी पुणेकर:
इकडे इंग्लंडमध्ये मुलाचं कपाळ फुटलं तेव्हा टाका घातलाच नाही, गोंद लावून घरी पाठवलं. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "फेविक्विकच ना, मग मीच लावला असता." हसलो, पण फरक काय?

तालुक्याचा सर्जन:
आईंना आवरा. घराणं एकच, सायनोअॅक्रिलेट. कोडॅकच्या हॅरी कूव्हरच्या हाती ते १९४२ साली बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधताना लागलं. पण दुकानातल्या गोंदाचे रेणू आखूड साखळीचे. ते चिकटताना जास्त तापतात, लवकर तुटतात आणि तुटताना फॉर्माल्डिहाइड सोडतात. दवाखान्यातला लांब साखळीचा असतो. अमेरिकेत त्याला १९९८ मध्ये परवानगी मिळाली. लावायचाही जखमेच्या आत नाही, कडा जुळवून वरून. मुलाच्या कपाळावरची छोटी, सरळ, स्वच्छ जखम ही त्याची आदर्श जागा. सांध्यावर, हाताच्या पंजावर, ओठाच्या आत नको. पाच ते दहा दिवसांत खपली होऊन पडतो, तोवर त्यावर मलम लावायचं नाही, विरघळतो.

चुलीवरची भाकर:
गावात कुत्रा चावला की लोक आधी टाके घाला म्हणतात. आमच्या पीएचसीत डॉक्टर नाही म्हणाले म्हणून मोठा राडा झाला.

तालुक्याचा सर्जन:
डॉक्टरांचं बरोबर होतं. कुत्र्याचा चावा शक्यतो शिवायचा नाही. सुई फिरवली की लाळेतला रेबीजचा विषाणू आणखी खोल मज्जातंतूंपर्यंत नेला जाऊ शकतो. आधी साबण आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुणं, मग जखमेत आणि तिच्याभोवती इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) भरणं, मग लस. अगदीच चेहरा फाटला असेल, तर इम्युनोग्लोब्युलिन दिल्यानंतर मोजके सैल टाके. तोच नियम शेणामातीच्या जखमेला थोडा बदलून: स्वच्छ करून उघडी ठेवायची, चार-पाच दिवसांनी लाल, स्वच्छ दिसली की मग शिवायची. धनुर्वाताचं इंजेक्शन आलंच. उघडी ठेवली म्हणजे दुर्लक्ष केलं, हा समज गावोगाव आहे.

मंगलोरी कौल:
गंभीर प्रश्न. इतका महाग दोरा, जाळी वगैरे गरिबाला परवडायचं कसं? स्वस्तात काही निघालंय का, की नुसतं 'कंपनीने फरक पडत नाही' म्हणायचं?

तालुक्याचा सर्जन:
निघालंय, आणि आपल्याच धुळे जिल्ह्यात. दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी हर्नियाच्या महागड्या जाळीऐवजी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून वापरलं. ग्रामीण सर्जनांसोबत केलेला त्याचा अभ्यास २००३ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ सर्जरी'त आला. तेव्हा बऱ्याच मोठ्या लोकांनी नाकं मुरडली. पुढे युगांडात मच्छरदाणीच्याच जातीच्या स्वस्त जाळीची तुलना कंपनीच्या जाळीशी केली गेली, ३०२ पुरुषांवर. २०१६ च्या 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये निकाल आला: वर्षभरात हर्निया परत येण्यात लक्षणीय फरक नाही. मात्र कापड कोणतं आणि निर्जंतुक कसं करायचं हे ठरलेलं आहे. बाजारातली कुठलीही मच्छरदाणी उचलून चालत नाही.

दोऱ्यातही तसंच. कातडीला साधं नायलॉन आजही उत्तम आणि स्वस्त. पैसे वाचवायचे तर तिथे, शीथवर नाही.

जाईजुई:
डॉक्टर, आईचं पोटाचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली. जखमेच्या मध्यावर निळ्या वायरसारखं टोक टोचतं, अधूनमधून थेंबभर पू येतो. ती म्हणते, नेलकटरने कापून टाकू. काही धोका?

तालुक्याचा सर्जन:
नेलकटर नको! वर्णनावरून ती शीथच्या प्रोलीनची गाठ वाटते. सडपातळ माणसांत जाड दोऱ्याच्या गाठीची टोकं कातडीखाली टोचतात आणि कधी तिथे वाट पडते. बाहेर दिसणारं टोक कापलं तर गाठ आतच राहते आणि पू चालूच. जागा बधिर करून छोट्या चिरेतून गाठ पूर्ण काढावी लागते, बहुतेकदा त्याच दिवशी घरी. दोन वर्षांनी शीथ पक्की झालेली असते, तेवढा तुकडा काढल्याने सहसा काही बिघडत नाही. मात्र आधी त्यांना खोकायला सांगून तिथे फुगवटा येतो का हे सर्जनकडून तपासून घ्या. जुनी ऑपरेशन नोट मिळाली तर सोबत न्या, दोरा एकच लांबलचक होता की सुटे टाके होते ते त्यात लिहिलेलं असतं.

जाईजुई:
नोट सापडली. 'लूप प्रोलीन १, कंटिन्युअस' लिहिलंय, म्हणजे एकच लांबलचक दोरा. सोमवारी दाखवते.